टिकली लावलेली पुस्तकं

धुळ्याच्या आमच्या वाचनालयात शिरलं की डाव्या हाताला एक हिरवा फळा लागतो. त्यावर ‘आमची निवड’ अशी जाड पुठ्ठ्याची अक्षरं मीच कापून चिकटवली होती. फळ्याखाली एक लांबट टेबल आणि त्यावर आठ-दहा पुस्तकं, प्रत्येकात एक चिठ्ठी खोचलेली. चिठ्ठीवर दोन-तीन ओळी, पुस्तक कसं आहे, कोणी वाचावं, आणि खाली आमच्यापैकी कोणाची तरी सही. वाचनालयात आम्ही तिघंच कामाला. त्यातला शिपाई म्हणायचा, मला वर्तमानपत्र वाचता वाचता दमायला होतं. लेखनिक आकडेमोडीचा माणूस. म्हणजे राहिले मी. पंधरा वर्षं त्या फळ्यावर बहुतेक माझीच सही आहे.

माझ्या आधीचे ग्रंथपाल होते, त्यांना आम्ही सगळे नाना म्हणायचो. फळ्याची कल्पना त्यांचीच. मी जळगावहून नवीन लग्न होऊन आले, ग्रंथालयाचा कोर्स केलेला होता, म्हणून त्यांच्या हाताखाली लागले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला चिठ्ठ्यांचा गठ्ठा दिला आणि बजावलं, “पुस्तक पूर्ण वाचल्याशिवाय सही करायची नाही. अर्धं वाचलं तर लिही, अर्धं वाचलं.” मी मान डोलावली. त्या वेळी मी खरंच वाचत होते, दिवसाला शंभर पानं. जळगावात मेहरूणला माहेरी गेले तरी तलावाकाठी बाकावर बसून वाचायचे, आई म्हणायची, ही माहेरी येते की वाचायला येते.

मग नाना निवृत्त झाले, मुलं झाली, सासऱ्यांचं आजारपण आलं, हातात मोबाईल आला. यातलं कशालाही दोष द्यायचा माझा इरादा नाही. मी वाचणं सोडलं, एवढंच खरं. फळा मात्र सोडता येत नव्हता. दर सोमवारी चार नव्या चिठ्ठ्या लागायच्या. कमिटीच्या लोकांना फळा फार आवडायचा, सरकारी तपासणीच्या अहवालात त्याचा फोटो जायचा.

म्हणून मी एक युक्ती काढली, आणि ती मला इतकी हुशारीची वाटली की मी ती कोणाला सांगितलीही नाही. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर आम्ही तारखांची पट्टी चिकटवतो. पुस्तक नेलं की तारखेचा शिक्का. मी पुस्तक वाचायचं सोडून ती पट्टी वाचायला लागले. वर्षात दोनच शिक्के पडलेत, म्हणजे पुस्तक रटाळ. शिक्के दाटीवाटीने, तीन-तीन चार-चार दिवसांच्या अंतराने, म्हणजे लोकांनी एका बैठकीत संपवलं आणि लगेच दुसऱ्याने उचललं. असं पुस्तक दिसलं की मी पहिली दहा पानं वाचायची, शेवटची दोन चाळायची आणि चिठ्ठी लिहायची. ‘एकदा हातात घेतलं की खाली ठेववत नाही.’ खाली झोकदार सही.

टिकली आली ती आबांमुळे.

आबा म्हणजे सत्तरी ओलांडलेले एक वाचक. शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातले. पोरगा सुरतेला, म्हणून दोघं नवरा-बायको धुळ्यात देवपूरला दोन खोल्यांत राहायला आलेले. ते सायकलवरून पांझरेचा पूल ओलांडून यायचे, सायकल नेहमी एकाच खांबाला टेकवायचे. पुस्तक स्वतःसाठी नेत नसत. अक्का, म्हणजे त्यांची बायको, खुब्याचं हाड मोडल्यापासून खाटेवर होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. आबा रोज दुपारी जेवणं झाली की खाटेजवळ बसून त्यांना वाचून दाखवायचे. पुस्तक मराठी, आणि अक्कांचं सगळं आयुष्य अहिराणीत गेलेलं, म्हणून आबा ओळीवर बोट ठेवून ती मनात वाचायचे आणि तोंडाने अहिराणीत सांगायचे. रोज दहा-बारा पानं. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी भारावून गेले, आणि तेवढ्यावरच थांबले.

काउंटरवर पुस्तक ठेवलं की आबांचा प्रश्न ठरलेला. “ताई, याना शेवट गोड शे का?” मी विचारलं, असं का हो आबा? तर म्हणाले, “तिले रडानं पुस्तक नको. रडानं ते घरमा बी शे.”

दर वेळी सांगत बसण्यापेक्षा मी ड्रॉवरमधलं माझं टिकल्यांचं पाकीट काढलं आणि ज्या पुस्तकाचा शेवट गोड, त्याच्या चिठ्ठीवर एक लाल टिकली चिकटवायला सुरुवात केली. ही गोष्ट लोकांना भलतीच आवडली. बायका तर सरळ विचारायच्या, “टिकलीचं काय आलंय नवीन?” कमिटीच्या अध्यक्षांनी एका कार्यक्रमात माझं कौतुक केलं, गुलाबाचं फूल दिलं. शेवट गोड आहे हे मी कसं ठरवायचे? शेवटची दोन पानं. कोणी मेलेलं नाही, कोणी कोणाला सोडून गेलेलं नाही, की लाव टिकली.

आबांनी दीड वर्षात माझ्याकडून टिकलीची सतरा पुस्तकं नेली. त्यातली मी पूर्ण वाचलेली चार, तीही नानांच्या काळातली. बाकीची तेरा पट्टीवरून. आणि नशीब असं की सगळी बरी निघाली. आबा पुस्तक परत करताना म्हणायचे, “भारी व्हतं. तिनी दोन डाव आयकं.” मी हसून शिक्का मारायची. थोडी लाजही वाटायची, नाही असं नाही. पण ती लाज चहाबरोबर गिळली जायची.

अठरावं पुस्तक एक जाडजूड कादंबरी होती. तिची पट्टी म्हणजे नुसता शिक्क्यांचा पाऊस. तीन दिवस, चार दिवस, तीन दिवस, पुन्हा तीन. इतकं गाजलेलं पुस्तक आपल्याकडे आहे आणि आपल्याला पत्ताच नाही, असं मला वाटलं. पहिली दहा पानं वाचली. एका गावातली नवी सून, तिची फजिती, सासूची बोलणी, मला खरोखर हसू आलं. शेवटची दोन पानं काढली. घरात लग्न, वाजंत्री, हळदीने पिवळे झालेले लोक, पंगत. मी लिहिलं, ‘हसत हसत वाचून होतं.’ आणि टिकली लावली. आबा आले, टिकली पाहिली, त्या दिवशी नेहमीचा प्रश्नसुद्धा विचारला नाही. पुस्तक पिशवीत टाकलं आणि गेले.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आमच्याकडे वाचकांची बैठक असते. जो तो महिन्याभरात काय वाचलं ते सांगतो. एरवी वीस माणसं म्हणजे डोक्यावरून पाणी. पण थंडीतल्या एका बैठकीला आम्ही भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी ठेवतो, तेव्हा माणसं पायरीपर्यंत बसतात. त्या दिवशी ती भरिताची बैठक होती. मागच्या अंगणात वांगी भाजली जात होती, आत धूर येत होता. मी सगळ्यांच्या सह्या घेऊन, फोटो काढून, आज फळ्यावरचं कुठलं पुस्तक कोणी वाचलं असं विचारलं. उगाच, कौतुक ऐकायला.

एक निवृत्त शिक्षिका उठल्या. त्यांनी त्या जाड कादंबरीचं नाव घेतलं आणि मला विचारलं, “ही तुम्ही टिकली लावून ठेवली होतीत का हो? मी ही मागे नेली होती. तिसऱ्या दिवशी परत आणली. शंभराव्या पानाला ती सून म्हातारी होऊन अंथरुणाला खिळते, आणि पुढे घरातली माणसं जे वागतात ना, माझ्याने नाही वाचवलं.” शेजारच्या बाई म्हणाल्या, “मीपण तिथेच सोडलं.” मागून एक गृहस्थ म्हणाले, त्यांनी मात्र नेटाने पूर्ण केलं. शेवटी घरात नातवाचं लग्न उभं राहतं. म्हातारी आदल्या पहाटेच जाते. पण सुतक आलं तर लग्न मोडेल म्हणून घरचे तिच्या खोलीला बाहेरून कडी लावतात आणि हळद उरकतात.

कोणीतरी म्हणालं, बापरे. आणि मला कळलं की ते दाट शिक्के म्हणजे आवडीचे नव्हते. सगळ्यांनी ते पुस्तक तीन दिवसांत परत केलं होतं, कारण कोणाला ते सोसलं नव्हतं. इतकी वर्षं मी ज्या पट्टीवर भरवसा ठेवला, ती मला वाचताच येत नव्हती. आणि ते पुस्तक बारा दिवसांपासून देवपूरला, एका खाटेवर खिळलेल्या बाईच्या उशाशी होतं.

मी त्याच क्षणी उठायला हवं होतं. आबांचा नंबर सभासद कार्डावर होता. पण मी उठले नाही. मी हसून म्हणाले, “अहो, चुकून लागली असेल टिकली,” आणि पंगत वाढायला गेले. मनाशी म्हटलं, बाकीच्यांनी परत आणलं तसं आबाही आणतील. भरीत छान झालं होतं. मी दोनदा घेतलं, हे मला अजून आठवतं आणि अजून डाचतं.

आबा चौथ्या दिवशी आले. पुस्तक काउंटरवर ठेवलं. चेहरा उतरलेला. मी घाईघाईने म्हणाले, आबा, माझी चूक झाली, टिकली चुकून लागली. त्यांनी हात हलवला, ते सोडा म्हणाले, आणि झालं ते सांगितलं.

शंभराव्या पानाला ते थबकले होते. पुढचं त्यांनी मनातच वाचून पाहिलं. मग त्यांनी पुस्तक समोर धरून स्वतःच्या मनाचं सांगायला सुरुवात केली. त्या म्हातारीला वैद्य भेटला, ती काठी घेऊन चालायला लागली, सुनांना वळण लावायला लागली. दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी अक्का म्हणाल्या, “बोट काबरं थांबनं तुमनं?” त्यांना वाचता येत नव्हतं, पण दीड वर्षं त्या आबांचं बोट पाहत होत्या. खरं वाचताना बोट ओळीवरून सरकायचं. आता बोट एकाच जागी होतं आणि तोंड चालू होतं. आबा बाजारात गेल्यावर त्यांनी शेजारणीला बोलावलं आणि खूण केलेल्या पानापासून वाचायला लावलं. शेजारणीने भाबडेपणाने पानं चाळत, मधलं मधलं वाचत सगळं सांगितलं, कडीपर्यंत.

आबा घरी आले तेव्हा अक्का रडत नव्हत्या. पुस्तकाबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. एवढंच विचारलं, “मंग आजलगून जे वाचं, ते बठ्ठं तुमना मननंच व्हतं का?”

आबांनी शपथा घेतल्या, आजवरचं सगळं पुस्तकातलंच होतं म्हणून. अक्का म्हणाल्या, ज्याला एक बनवता येतं त्याला सतराही येतात. तेव्हापासून दुपारचं वाचन बंद. आबा पुस्तक उघडून बसले तर त्या भिंतीकडे तोंड करायच्या.

“तिले वाटस, मी तिले लहान पोर समजीसन फसाडत व्हतू,” आबा म्हणाले. “सतरा पुस्तकं, ताई. तिनं तेच जग व्हतं.” मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, “तुम्ही घर या. तिले सांगा, ती बठ्ठी पुस्तकं मी खरीच वाचीत. तुम्ही ते वाचेल शेतस ना. टिकली तुम्हीच लायी ना.”

तेव्हा तरी खरं बोलायला हवं होतं. पण समोर तो म्हातारा माणूस साक्षीदार शोधत आलेला, आणि माझ्या मागे फळ्यावर माझ्या सहीच्या दहा चिठ्ठ्या. मी म्हणाले, येते की. बुधवारी आमची सुट्टी असते, बुधवारी येते.

जाण्याआधी मी मोबाईलवर त्या पुस्तकांची माहिती शोधली. दोन-चारांबद्दल दोन-चार ओळी मिळाल्या, बाकीच्यांबद्दल काहीच नाही. मला वाटलं, म्हातारी बाई आहे, खाटेवर आहे, किती विचारणार? हो हो म्हणून वेळ मारून नेऊ. हे मी इथे लिहितेय कारण त्या दिवसातलं सगळ्यात वाईट तेच आहे. मी त्या बाईला भेटायच्या आधीच तिला कमी लेखलं होतं.

अक्का खिडकीपाशी खाटेवर होत्या. पातळ केस घट्ट बांधलेले, कपाळावर मोठं ठसठशीत कुंकू. डोळे इतके तरतरीत की मी आधी नजरच चुकवली. “टिकलीवाली ताई तुम्हीच का? बसा,” त्या म्हणाल्या. आबा चहा ठेवायला आत गेले. मी लगेच सुरू केलं, आबा खरंच वाचत होते, मी स्वतः सगळी पुस्तकं वाचलीत, एक ते सतरा, सगळे शेवट तसेच आहेत.

अक्कांनी ऐकून घेतलं. मग साधं विचारलं, “त्या मेंढ्यावालाना पुस्तकमा, तो कुत्रा शेवटले परत येस ना?”

मी म्हणाले, “येतो ना! किती छान आहे तो भाग.”

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. “त्या पुस्तकमा कुत्राच नई शे, ताई. मी आत्तेच बनाडा तो.”

आबा चहा घेऊन दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. मी जमिनीकडे बघत होते, फरशीला एक चीर होती ती मला पाठ झाली आहे. अक्का म्हणाल्या, “तुम्ही बी नई वाचं.” आबांनी कप माझ्या हातात दिला. मला आयुष्यात इतकी शरम कधी वाटली नाही. शेवटी मी बोलले. सगळं. पट्टी, शिक्के, दहा पानं, दोन पानं. वाचलेली चार आहेत, तेरा नाहीत, आणि त्या चारांचंही आता नीट आठवत नाही. माझ्या खोटेपणामुळे आबांच्या खऱ्या सतरा पुस्तकांवर पाणी पडलं, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं.

अक्का म्हणाल्या, “वाचा मंग. एक वाची झायं का या. मी सांगसू, तुम्ही पुस्तकमा देखा.”

अशी सुरुवात झाली. मी लेखनिकाकडून आबांचं खातं काढून घेतलं, सतरा पुस्तकांची यादी केली आणि पहिल्यापासून वाचायला लागले. पुन्हा वाचायला शिकावं लागलं, हे सांगायला लाज वाटते. दोन पानं झाली की हात मोबाईलकडे जायचा. मी तो पिठाच्या डब्यात ठेवायला लागले. सकाळी कुकर लावून ओट्यापाशी वाचलं, जेवणाच्या सुट्टीत वाचलं, जळगावला आईकडे जाताना एसटीत वाचलं. आठवड्याला एक पुस्तक.

दर बुधवारी मी पुस्तक घेऊन देवपूरला जायचे. आबा आपणहून घराबाहेर जाऊन ओट्यावर बसायचे, म्हणजे आपण खुणा केल्या असं कोणी म्हणू नये. अक्का त्यांना आठवत होतं तसं सगळं सांगायच्या आणि मी पानं उलटत पडताळायची. त्यांची आठवण अशी की मी थक्क व्हायची. कोणत्या भावाने कोणाला काय म्हटलं, विहिरीवर किती बायका होत्या, सगळं. तासाभराने मी म्हणायचे, अक्का, सगळं पुस्तकात आहे. मग त्या बाहेर ऐकू जाईल असं म्हणायच्या, “आयकतस का? हाई बी खरं निंघनं.” ओट्यावर आबा खाकरायचे.

सहाव्या का सातव्या पुस्तकात एक गफलत सापडली. अक्का म्हणाल्या, त्यातला माणूस तापीच्या पुराकडे बघत दिवसभर बसून असायचा. पुस्तकात समुद्र होता. सांगू की नको, असं क्षणभर वाटलं, पण आता खोटं बोलायचं नव्हतं. मी म्हणाले, अक्का, इथे समुद्र आहे, तापी नाही. अक्कांनी विचार केला आणि पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या. “कोठे देखा त्यास्नी समुद्र! जे देखेल व्हतं ते सांगं.” ते पुस्तकही खऱ्यात धरलं गेलं. त्या दिवशी आबांना आत बोलावलं, आणि मी निघाले तेव्हा ते खाटेजवळ स्टूल ओढून बसले होते.

बारा पुस्तकं अशी खरी ठरली. पाच राहिली होती. अक्कांनी सांगून टाकलं होतं, सतराच्या सतरा झाली की अठरावं नवीन आणा, दुपारी ऐकते. मी फळ्यावरच्या सगळ्या टिकल्या काढून टाकल्या होत्या, पण त्या अठराव्यासाठी एक जपून ठेवली होती.

आणि मग तपासणी आली. वर्षभराचे कार्यक्रम, फोटो, सह्यांची वही, सगळं एका फाईलमध्ये लावायचं होतं. त्यातच वर्धापनदिनाचा कार्यक्रम, बॅनर, पाहुण्यांचे नारळ. तेरावं पुस्तक माझं वाचून झालं होतं. नुसतं जायचं होतं. देवपूर काही लांब नाही, पूल ओलांडला की आलं. पण त्या बुधवारी मी गेले नाही. म्हटलं, पुढच्या बुधवारी दोन पुस्तकं एकदम करू. पुढच्या बुधवारी वाचनालयात रंगीत कागद लावत होते. मी शिपायाबरोबर निरोप धाडला, अक्कांना सांगा, तपासणी झाली की येते. शिपाई निरोप देऊन आला आणि म्हणाला, म्हातारी विचारत होती, तेरावं वाचलं का म्हणून.

तपासणी उत्तम झाली. फळ्याचं विशेष कौतुक झालं. त्याच आठवड्यात, सकाळी चहा घेतल्यावर, अक्का गेल्या. मला कळलं ते तिसऱ्या दिवशी, आबांच्या शेजारणीकडून, तीच जिने अक्कांना ती कादंबरी वाचून दाखवली होती. ती पुस्तक बदलायला आली होती.

मी भेटायला गेले, बसले, आले. घर माणसांनी भरलं होतं, सुरतेचा पोरगा आला होता. पण घरी आल्यावर मी उरलेली चार पुस्तकं वाचायला घेतली. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. अक्कांनी सांगितलेलं ऐकायला नव्हतं, म्हणून पडताळायचं तरी काय होतं? तरी मी वाचली, प्रत्येक पान. त्या चौदाव्या पुस्तकात एक म्हातारा रोज संध्याकाळी बायकोला गावातली बातमी सांगतो असा भाग होता. आबांनी तो कसा सांगितला असेल, अक्का काय म्हणाल्या असतील, मी त्या पानावर किती वेळ बसले होते कोणास ठाऊक.

आता फळ्यावर महिन्याला एखादीच चिठ्ठी असते. कमिटीत विचारणा झाली, फळा रिकामा का दिसतो. मी सांगितलं, मी एवढंच वाचते. कोणाला ते आवडलं नाही. जुन्या चिठ्ठ्यांवर टिकल्यांच्या गोंदाचे गोल डाग राहिलेत, ते निघत नाहीत.

दीड महिन्याने आबा आले. सायकल त्याच खांबाला टेकवली. सुरतेला जायचं ठरलं होतं, सभासद कार्ड परत करायचं होतं. मी कार्ड घेतलं. समोर रजिस्टर होतं, मी ते उगाच उघडलं, उगाच मिटलं. मग म्हणाले, “आबा, राहिलेली पाचही वाचली मी. सगळी खरी होती. एकही शब्द इकडचा तिकडे नव्हता.”

आबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत लावला.

“माले माहीत शे, ताई,” ते म्हणाले. “मीच ते वाचेल व्हतीत. तिले सांगानं व्हतं.”